अध्यक्षाचा हात कुठे पोचतो? अमेरिकेतल्या मराठी मतदारांना खुले पत्र

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया, मिशिगन, जॉर्जिया आणि जिथे जिथे महाराष्ट्र मंडळाचा गणपती बसतो त्या सगळ्या गावांतल्या मराठी नागरिकांना सप्रेम नमस्कार.

७ नोव्हेंबर २०२८ ला आपण नवा राष्ट्राध्यक्ष निवडणार आहोत. हे पत्र इतक्या आधी लिहिते आहे, कारण शेवटच्या दोन महिन्यांत कुणी कुणाचं ऐकत नाही. तेव्हा घराघरांत पक्ष ठरलेले असतात, व्हॉट्सअ‍ॅप गटांत भांडणं झालेली असतात आणि जे बोलायला हवं ते बाजूला राहतं. आत्ता जरा उसंत आहे.

मला सांगायचं आहे ते एवढंच. अध्यक्ष निवडताना प्रत्येक प्रश्न दोनदा तोला. तो देशासाठी किती मोठा आहे हे एकदा, आणि त्यात अध्यक्षाचा हात खरोखर किती पोचतो हे दुसऱ्यांदा. आपण पहिलं करतो, दुसरं राहून जातं. मग जे अध्यक्षाच्या हातात नाही त्यासाठी त्याला डोक्यावर घेतो किंवा घरी पाठवतो, आणि जे एकट्या त्याच्या सहीने होतं त्याबद्दल त्याला कुणी विचारतच नाही.

महागाईपासून सुरू करते, कारण २०२४ मध्ये जो तो तिच्याबद्दलच बोलत होता. जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता, चाळीस वर्षांतला सगळ्यांत वरचा. अंडी, घरभाडं, गाडीचा विमा, इंडियन ग्रोसरीतली तूरडाळ, सगळंच चढलं. त्यामागे करोनाकाळात विस्कटलेला पुरवठा होता, घराघरांत आलेले सरकारी मदतीचे चेक होते (ट्रम्प आणि बायडेन दोघांच्याही काळात ते आले), आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर भडकलेलं तेल होतं. ती आटोक्यात आणण्याचं मुख्य काम फेडरल रिझर्व्हने, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेने (थोडक्यात फेड), केलं. व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांपर्यंत नेले. महागाई उतरली, पण घराच्या कर्जाचा दर सात टक्क्यांच्या वर गेला आणि पहिलं घर घेऊ पाहणारी आपली तरुण मुलं अडकली. शिवाय दर उतरला तरी भाव उतरत नाहीत, ते फक्त हळू वाढू लागतात. म्हणून लोकांचा राग टिकला. तो राग खरा होता, त्याला मी नावं ठेवत नाही.

पण अध्यक्षाचा हात इथे दोनच ठिकाणी थेट पोचतो. एक म्हणजे फेडच्या गव्हर्नरांची नेमणूक. सिनेटच्या संमतीने, चौदा वर्षांच्या मुदतीसाठी. मुदत मुद्दाम इतकी लांब ठेवली आहे, म्हणजे निवडणूक तोंडावर आली म्हणून व्याज कमी करा असं कुणाला दरडावता येऊ नये. निक्सन यांनी १९७२ च्या निवडणुकीआधी तेव्हाचे फेडप्रमुख आर्थर बर्न्स यांच्यावर असा दबाव आणला होता. त्यांच्याच ध्वनिफितींत तो नोंदला गेला आहे, आणि पुढच्या काही वर्षांत उसळलेल्या महागाईच्या कारणांत त्याची गणना होते. तेव्हा २०२८ च्या उमेदवाराला अंड्यांचा भाव विचारू नका. फेडला मोकळं सोडणार का, हे विचारा.

दुसरं ठिकाण आयातशुल्क. संविधानाप्रमाणे तो अधिकार काँग्रेसचा, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून होणाऱ्या इथल्या संसदेचा, पण गेल्या नव्वद वर्षांत एकेका कायद्याने तिने त्यातला मोठा वाटा अध्यक्षाकडे सोपवला. २७ ऑगस्ट २०२५ पासून बऱ्याच भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागू झालं. त्यातलं निम्मं 'परस्पर' शुल्क म्हणून, निम्मं रशियाचं तेल घेतल्याबद्दल. अंधेरीच्या सीप्झ या निर्यातक्षेत्रात दागिने घडवणाऱ्या कारागिरांच्या पोटावर त्याचा थेट परिणाम होणार होता, कारण तिथल्या मालाचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका. आणि त्यावर काँग्रेसमध्ये आधी कसलंही मतदान झालं नव्हतं.

इथेच भारताबद्दल बोलून घेते. कोणता उमेदवार भारताचा मित्र, हा प्रश्न आपल्या बैठकांत सगळ्यांत आधी येतो. तो मनातून काढून टाका असं मी सांगणार नाही. आपले आईवडील, भावंडं तिथे आहेत. पण इतिहास काय सांगतो ते बघा. अणुकराराची सुरुवात २००५ मध्ये रिपब्लिकन बुश यांनी केली, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये सिनेटने तो ८६ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला तेव्हा ओबामा, बायडेन आणि हिलरी क्लिंटन या तिघा डेमोक्रॅट सिनेटरांनी बाजूने मत दिलं होतं. ते नातं दोन्ही पक्षांनी मिळून बांधलेलं होतं. उलट सप्टेंबर २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या 'हाउडी मोदी' सभेत मोदी आणि ट्रम्प यांनी हात हातात घेऊन मैदानाला फेरी मारली, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण तिथे टाळ्या वाजवत होते. त्यानंतर सहा वर्षांच्या आत ते ५० टक्के शुल्क आलं. दोन माणसांची मैत्री म्हणजे दोन देशांचं धोरण नव्हे. आणि आपण ज्या देशाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली, त्या देशाचा अध्यक्ष निवडतो आहोत.

आता स्थलांतर. यावर जरा थांबते, कारण इथे आपली माहितीही जास्त आणि गैरसमजही जास्त.

१९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांतल्या अनेकांचं काढून घेतलं गेलं. १९४६ मध्ये ट्रूमन यांच्या सहीने ती बंदी उठली, पण भारतातून वर्षाला शंभर माणसांना प्रवेश, एवढीच दारं उघडली. आपल्यासाठी खरं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. ३ ऑक्टोबर १९६५ ला लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली. त्याच दोन वर्षांत नागरी हक्कांचा आणि मतदानहक्काचा कायदा झाला होता, आणि ते तिन्ही कायदे एकाच लाटेचे. अलाबामातल्या रस्त्यांवर ज्या काळ्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या लढ्यामुळे आपला व्हिसा शक्य झाला. 'आम्ही रांगेत उभं राहून आलो, बाकीचे घुसले' असं आपल्या जेवणावळींत म्हटलं जातं तेव्हा मला वाईट वाटतं. ती रांग कुणी सुरू करून दिली हे आपण पाठ करायला हवं.

आणि आज त्या रांगेची अवस्था काय आहे? नोकरीच्या वाटेने वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्ड. त्यात नवरा, बायको, मुलंही मोजली जातात. कुठल्याही एका देशाला त्यातला साधारण ७ टक्के वाटा. आइसलँडला जी मर्यादा तीच भारताला. वापराविना उरलेली कार्डं पुढे वळती होतात, तरी दहा लाखांहून अधिक भारतीय खोळंबले आहेत. आज नव्याने अर्ज करणाऱ्या इंजिनिअरची वाट काही दशकांची आहे. त्यांची इथे वाढलेली, इथल्याच शाळांत शिकलेली मुलं एकवीस वर्षांची झाली की आईवडिलांच्या अर्जातून गळतात. त्यांना विद्यार्थी व्हिसा शोधावा लागतो, नाहीतर ज्या देशाची त्यांना नीट आठवणही नाही तिथे जावं लागतं.

हे कोण बदलू शकतं? फक्त काँग्रेस. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी सर्वंकष विधेयक मंजूर केलं, त्यात नोकरीच्या वाटेवरची ही देशनिहाय मर्यादा जाणार होती. प्रतिनिधिगृहाने ते मतदानालाच घेतलं नाही. २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मर्यादा काढण्याचं विधेयक मंजूर केलं, डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने त्याचा वेगळा मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि ती काँग्रेस संपली. इतक्या जवळ येऊन गेलेली गोष्ट आहे ही. म्हणून 'मी ग्रीन कार्डाची रांग संपवीन' असं कुणी उमेदवार म्हणाला तर त्याला एवढंच विचारा: सिनेटमध्ये साठ मतं कुठून आणणार? (बहुतेक विधेयकं मतदानापर्यंत न्यायलाच तिथे शंभरांतली साठ मतं लागतात.)

मात्र अध्यक्षाच्या नियमांनी आणि आदेशांनी जे होतं तेही थोडं नाही. २०१५ मध्ये एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी या कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या, काही जोडीदारांना काम करण्याची परवानगी मिळाली ती प्रशासनाच्या एका नियमाने. शिकलेल्या, अनुभव असलेल्या कितीतरी मराठी बायका वर्षानुवर्षं घरात बसून होत्या, त्या त्यामुळे कामाला लागल्या. ती परवानगी कायद्यात नाही, म्हणून दर नव्या प्रशासनाबरोबर धास्ती येते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, तेही एका घोषणेने. आणि २० जानेवारी २०२५ चा जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दलचा आदेश तर आपल्या घरात शिरणारा होता. आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर इथे जन्मलेलं बाळही नागरिक नाही, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे एच-१बीवरच्या जोडप्याचं बाळसुद्धा. इथे जन्मला तो नागरिक असं सांगणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि १८९८ चा वोंग किम आर्क खटल्याचा निकाल समोर असताना तो आदेश निघाला, आणि खालच्या न्यायालयांनी तो अडवला. आपल्यातल्या कितीजणांची मुलं याच परिस्थितीत जन्मली आहेत, ते आठवा. आपलं काम झालं म्हणून मागून येणाऱ्यांसाठी दार लावून घेणारा उमेदवार मला चालणार नाही, पक्ष कुठलाही असो.

आरोग्यसेवेकडे येते. हा देश आपल्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा जास्त, आरोग्यावर खर्च करतो, आणि तरीही २०२३ मध्ये अडीच कोटींहून जास्त माणसं विम्याविना होती. आपल्यातल्या बहुतेकांचा विमा नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली की विमा गेला, आणि एच-१बीवर असाल तर दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस. आजारी माणसाने त्याच साठ दिवसांत घर, व्हिसा आणि औषधं तिन्ही सांभाळायची.

आईवडिलांना इथे आणणाऱ्यांनी याची दुसरी बाजू पाहिली आहे. पर्यटक व्हिसावर आले तर व्हिजिटर इन्शुरन्स घ्यायचा, आणि मधुमेह, रक्तदाब यांसारखे आधीपासूनचे आजार त्यात सहसा धरलेले नसतात. ग्रीन कार्डवर आले तरी वय पासष्टच्या पुढे असून मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) विकत घेण्यासाठी सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं. मधल्या काळात आधार असतो तो २०१० च्या कायद्याचा, ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात. आजार आहे म्हणून विमा नाकारायचा नाही, हे त्यानेच बंधनकारक केलं. जुलै २०१७ मध्ये तो मोडण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ असा पडला, जॉन मॅककेन यांच्यासह तिघा रिपब्लिकनांनी आपल्याच पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून. त्या कायद्याखाली २०२१ पासून वाढवलेल्या अनुदानाची मुदत २०२५ अखेर संपत होती, त्यावरून सरकार ४३ दिवस बंद राहिलं.

औषधांच्या किमतींचंही तसंच. मेडिकेअरने औषधकंपन्यांशी भाव करायचा नाही, असं २००३ च्या कायद्यात लिहिलेलं होतं. इतकी मोठी खरेदी करणाऱ्या सरकारने घासाघीस करायची नाही, हे मला कधीच पटलं नाही. २०२२ च्या कायद्याने ते थोडं मोकळं झालं: पहिल्या दहा औषधांचे ठरवलेले भाव २०२६ पासून, मेडिकेअरवरच्या माणसाला इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर नाही, आणि औषधांवरच्या स्वतःच्या खर्चाला वर्षाची कमाल मर्यादा, २०२५ मध्ये ती २,००० डॉलर होती. आपल्या समाजात मधुमेह किती घरांत आहे हे वेगळं सांगायला नको. पुढचा अध्यक्ष ती भाव ठरवण्याची बोलणी जोरात चालवणार की नावापुरती, हे पूर्णपणे त्याच्या आरोग्यखात्यावर अवलंबून आहे. हा प्रश्न प्रचारसभांत कुणी विचारताना मी ऐकलेला नाही.

त्याहून शांतता सोशल सिक्युरिटीबद्दल, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या करावर चालणाऱ्या सरकारी निवृत्तिवेतनाबद्दल आहे. विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे निवृत्तांच्या निधीतली शिल्लक २०३३ मध्ये संपेल, आणि त्यानंतर येणाऱ्या करातून ठरलेल्या रकमेच्या ७७ टक्केच देता येतील. म्हणजे २०२८ मध्ये निवडून येणारा अध्यक्ष जानेवारी २०३३ मध्ये पायउतार होईल त्याच वर्षी. त्याच्या आख्ख्या कारकिर्दीवर या तारखेची सावली आहे, आणि दोन्ही पक्ष 'आम्ही हात लावणार नाही' एवढंच म्हणतात. हात न लावणं म्हणजे तेवीस टक्के कपात आपोआप होऊ देणं. १९८३ मध्ये अशीच वेळ आली होती. तेव्हा रेगन आणि प्रतिनिधिगृहाचे डेमोक्रॅट सभापती टिप ओनील यांनी मिळून तोडगा काढला: निवृत्तीचं वय हळूहळू ६७ केलं, करही वाढला. त्याचं श्रेय दोघांनीही एकट्याने लाटलं नाही. आज एक उपाय तर डोळ्यांसमोर आहे. २०२५ मध्ये १,७६,१०० डॉलरच्या वरच्या पगारावर हा कर लागत नव्हता. आपल्यातले अनेकजण त्या रेषेच्या वर कमावतात. ती रेषा वर सरकली तर आपला कर वाढेल, हे मला माहीत आहे, आणि तरीही ती सरकावी असं माझं म्हणणं आहे.

यातच आपल्या लोकांवरचा एक जुना अन्याय आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा परस्पर करार नाही. सहासात वर्षं एच-१बीवर राबून, दर पगारातून सोशल सिक्युरिटी कापून घेऊन पुण्याला परतलेल्या माणसाला दहा वर्षांची अट पूर्ण होत नाही म्हणून निवृत्तीवेतनाचा एक डॉलरही मिळत नाही. असे करार दुसऱ्या अनेक देशांशी आहेत. ते प्रशासन करतं, म्हणजे इथे अध्यक्षाचा हात सरळ पोचतो. भारतप्रेमाची कसोटी लावायचीच असेल तर ती इथे लावा.

राष्ट्रीय कर्जाबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ३८ ट्रिलियन डॉलरच्या पुढे गेलं, आणि २०२४ पासून त्याच्या व्याजावर संरक्षणापेक्षा जास्त खर्च होतो आहे. शेवटचा शिलकी अर्थसंकल्प २००१ चा. दोन्ही पक्षांनी करकपात आणि खर्च दोन्ही उधारीवर केले. घरांच्या टंचाईबद्दल मात्र अध्यक्षाकडे फार बघू नका. कुठे किती घरं बांधायची हे आपल्या गावची झोनिंग समिती ठरवते, आणि त्या बैठकांना आपण जात नाही.

बंदुका. शाळेत लॉकडाउनची तालीम करून आलेलं लेकरू रात्री जेवताना ते सहज सांगतं, ते ऐकणाऱ्या आईबापांना आकडे नकोत. तरी एक सांगते: २०२३ मध्ये या देशात ४६,००० हून अधिक माणसं गोळीने गेली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. सँडी हूक शाळेत वीस मुलं गोळीबारात गेल्यानंतरही खरेदीदाराच्या तपासणीचं साधं विधेयक एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये ५४ मतं मिळवून पडलं, कारण साठ लागतात. युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०२२ मध्ये एक माफक कायदा झाला. अध्यक्षाचा खरा हात इथे न्यायाधीश नेमण्यात आहे.

आणि ती नेमणूक फार लांबची असते. कार्टर यांना चार वर्षांत सर्वोच्च न्यायालयावर एकही न्यायाधीश नेमायला मिळाला नाही. ट्रम्प यांना पहिल्या चार वर्षांत तीन मिळाले. २४ जून २०२२ ला १९७३ चा गर्भपाताच्या हक्काचा निकाल रद्द झाला तो त्या तिघांच्या मतांमुळे. आज टेक्सासमधल्या आपल्या मुलीला जो कायदा लागू आहे तो न्यू जर्सीतल्या तिच्या मावसबहिणीला नाही. माझं मत स्पष्ट आहे: तो निर्णय बाईचा आणि तिच्या डॉक्टरचा. तुमचं वेगळं असेल तर असो, पण न्यायाधीशांची यादी न बघता अध्यक्षाला मत देऊ नका. तो गेल्यावर तीस वर्षं ते निकाल देत राहतात.

युद्धाबद्दल तर उमेदवारांना इतकं कमी विचारलं जातं की भीती वाटते. अण्वस्त्र वापरण्याचा हुकूम अध्यक्ष एकटा देऊ शकतो, कुणाची संमती लागत नाही. युद्ध पुकारण्याचा अधिकार कागदावर काँग्रेसचा आहे. व्हिएतनामनंतर १९७३ मध्ये तिने साठ दिवसांची मर्यादाही घातली. पण ११ सप्टेंबरनंतर २००१ मध्ये दिलेल्या परवानगीवर पुढच्या प्रत्येक अध्यक्षाने अनेक देशांत सैन्य वापरलं. २०११ मध्ये लिबियावर आणि जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर तर त्या परवानगीविनाच हल्ले झाले. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन, दोघांनीही मतदान न घेता. रागाच्या क्षणी हा माणूस किंवा ही बाई कशी वागते, कुणाचं ऐकते, हे बघणं म्हणजे गॉसिप नाही. या पदासाठी तीच पात्रता आहे.

आणि या सगळ्याच्या आधी एक चाळणी. हरल्यावर हा उमेदवार घरी जाईल का? १८०१ मध्ये जॉन अ‍ॅडम्स हरून घरी गेले. २००० मध्ये अल गोर देशभरात जास्त मतं घेऊनही फ्लोरिडात ५३७ मतांनी मागे पडले, न्यायालयाने मोजणी थांबवली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पराभव मान्य केला. ६ जानेवारी २०२१ ला हरलेल्या ट्रम्प यांच्या समर्थकांनी कॅपिटॉलवर, म्हणजे संसदेच्या इमारतीवर, हल्ला केला आणि ती साखळी तुटली. २० जानेवारी २०२५ ला त्या हल्ल्याच्या प्रकरणांतल्या सुमारे पंधराशे जणांना माफी मिळाली. त्याआधी जेमतेम दीड-दोन महिने मावळते अध्यक्ष बायडेन यांनी स्वतःच्या मुलाला माफी दिली होती. दोन्ही गोष्टी सारख्या वजनाच्या आहेत असं मी म्हणत नाही. पहिली कितीतरी जड आहे. पण माफीच्या अधिकाराला कुणाचाही लगाम नाही हे दोन्हींतून दिसतं. आपल्यातल्या ज्येष्ठांनी १९७५ ची आणीबाणी पाहिली आहे, घरातली माणसं येरवड्याला, नाशिकरोडला गेलेली पाहिली आहेत. १९७७ मध्ये मतदारांनी सत्ता पालटली आणि हरलेल्या पंतप्रधान पायउतार झाल्या, हेही पाहिलं आहे. इथल्या नातवंडांना ते सांगा. शाळेत त्यांना ते कुणी शिकवणार नाही.

'माझ्या एका मताने काय होतं' याचं उत्तर पत्त्यावर अवलंबून आहे. ५३८ पैकी २७० निर्वाचक मतं लागतात, आणि मेन व नेब्रास्का सोडून सगळीकडे राज्य जिंकणाऱ्याला राज्याची सगळी मतं. २०२० मध्ये जॉर्जियाचा निकाल ११,७७९ मतांनी लागला. अटलांटाच्या उत्तरेला राहणाऱ्या आपल्या माणसांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया १९९२ पासून डेमोक्रॅटिक, टेक्सास १९८० पासून रिपब्लिकन. तिथे राहणाऱ्यांना खरी निवड प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात मिळते, आणि नेमकं तिथेच आपण दिसत नाही. टेक्सासमध्ये कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. न्यू जर्सीत पक्ष न नोंदवलेल्या मतदाराला त्याच दिवशी केंद्रावर पक्ष निवडता येतो. पेनसिल्व्हेनियात मात्र आधीच नोंदवलेला पक्ष लागतो. उमेदवार चांगले नाहीत अशी नोव्हेंबरमध्ये तक्रार करणाऱ्यांना मी आता विचारणार आहे, प्रायमरीच्या दिवशी तुम्ही कुठे होता. त्याच मतपत्रिकेवर सिनेटर आणि प्रतिनिधीही असतात. वर लिहिलेलं निम्मं काम त्यांच्याच हातात आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. म्हणजे त्या सभागृहात मराठी समजणारा माणूस आता बसतो. त्यांना आणि आपापल्या प्रतिनिधीला, पक्ष न बघता, त्या २०१९ च्या विधेयकाचं काय झालं हे पत्र पाठवून विचारा.

शेवटची विनंती मंडळांच्या कार्यकारिणींना. करमुक्त संस्थेने कुठल्या उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, हा नियम आहे आणि तो पाळाच. पण पक्षनिरपेक्ष मतदार नोंदणीला पूर्ण परवानगी आहे. २०२८ च्या गणपतीत दर्शनाच्या रांगेशेजारी एक टेबल टाका. नव्याने शपथ घेतलेल्यांचे, नुकती अठरा पूर्ण झालेल्या मुलांचे, आणि घर बदलून पत्ता न बदललेल्यांचे फॉर्म भरून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांना फॉर्म देऊ नका. चुकून झालेली नोंदणीसुद्धा त्यांचं नागरिकत्व अडवू शकते, आणि मत दिलं तर देश सोडायची वेळ येऊ शकते. टेक्सासमध्ये नोंदणी मतदानाच्या ३० दिवस आधी बंद होते, न्यू जर्सीत २१ दिवस आधी. तुमच्या राज्याची तारीख बघून घ्या आणि मंडळाच्या दिनदर्शिकेत दिवाळीच्या वर छापा.

आपली,
न्यू जर्सीतली एक मराठी मतदार